जागं होण्याचं कारण

१

नॅनोताईची नोकरी झोपेवर पहारा देण्याची होती. माणसांच्या नव्हे, चिपांच्या.

औषधांच्या खोक्यांत ठेवायचे बिनतारी तापमापक बनवणारी ती छोटी कंपनी. माणसं सगळी मिळून नऊ. एकेक तापमापक म्हणजे काडेपेटीहून लहान अशी पांढरी डबी. आत नखाएवढी चिप आणि शर्टाच्या बटणाएवढा सेल. एवढ्याशा सेलवर दोन वर्षं काढायची, तर चिपला झोपावंच लागतं. पंधरा मिनिटं गाढ झोप, मग पापणी लवेल इतकंच जागरण. तेवढ्यात तापमान हवेतून सांगून टाकायचं आणि पुन्हा झोप. झोपेतसुद्धा ती थोडी वीज खाते. किती खाते, हे मोजायला ताई होती. हे मोजमाप इतकं बारीक, की तिच्या थोरल्या भावानं एकदा चहा पिता पिता तिचं नाव 'नॅनो' ठेवलं, आणि पुढं कंपनीत, घरात, वाण्याच्या दुकानात, सगळीकडे तेच चालू झालं.

दादाही याच कंपनीत होता. समोरच्या खोलीत बसून तो बावीस वर्षं सोल्डरिंग, म्हणजे वितळत्या कथलाचे टाके घालून तारा जोडायचं काम, करत आला होता. नऊ आठवड्यांपासून त्याची खुर्ची रिकामी होती. मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि काम करता करताच तो टेबलावर कोसळला. आता तो घरी पलंगावर पडून असायचा. डोळे कधी उघडे, कधी मिटलेले. पण उघड्या डोळ्यांमागे कुणी असल्यासारखं वाटायचं नाही.

सोमवारी सकाळी ताईनं नेहमीसारखा चहाचा कप कीबोर्डपासून लांब ठेवला आणि शनिवार-रविवारच्या नोंदी उघडल्या. चाळीस नग काचेच्या कपाटात ओळीनं झोपेच्या चाचणीला लावले होते. प्रत्येक नग उठला की तीन गोष्टी कळवायचा: तापमान, सेलमधला जोर, आणि आपण का उठलो. उठण्याची कारणं तीनच होती. एक म्हणजे नवा सेल घातला, पहिल्यांदाच सुरू होतोय. दोन म्हणजे झोपेची वेळ संपली. तीन म्हणजे डबीला कुणाचं तरी बोट लागलं.

कपाट बंद, सुट्टीचे दिवस, त्यामुळं सगळीकडे दोन, दोन, दोन. डोळ्यांवर झापड यावी असा आकड्यांचा रकाना.

सतरा नंबरच्या नगापुढं, शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तीन होता. रविवारीही. चार वाजून दहा मिनिटांनीच.

२

ताईला भुताखेतांत रस नव्हता. दमट हवेनं डबीला ओल येते, ओल म्हणजे चिपला बोट वाटतं. असं होतं कधी कधी. तिनं मागच्या दोन आठवड्यांच्या नोंदी काढल्या. एकही दिवस चुकला नव्हता.

"प्रोफेसर, जरा इकडं या."

चिपांचा प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ पूर्वी कॉलेजात शिकवायचे, म्हणून प्रोफेसर. ते हातातलं बिस्किट संपवत आले आणि चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनकडं वाकले.

"माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नाही," ते आधीच म्हणाले.

"मी काही म्हटलं का?"

"तू म्हणायच्या आत सांगून ठेवलं. चाळीस नगांत प्रोग्रॅम एकच आहे. चुकला तर चाळीसही चुकतील." मग ते थोडे थांबले. "तापमान बघ ना याचं."

कपाटात दिवसभर चोवीस अंश असायचे. चार-दहाला सतरा नंबर उठायचा, आणि बोट लागलेलं असेपर्यंत चिप झोपत नाही, दर सेकंदाला आकडा सांगत राहते. चोवीस, पंचवीस, अठ्ठावीस, एकतीस, मग हळूहळू तेहतीस. तिथं थांबायचा. अकरा मिनिटांनी पुन्हा खाली यायचा.

"ऊन पडत असेल," प्रोफेसर म्हणाले.

"उत्तरेची खिडकी आहे."

"मग उंदीर."

"रोज चार-दहाला येणारा? तुमच्यापेक्षा वक्तशीर आहे मग."

मंगळवारी चारला दोघंही कपाटासमोर उभे राहिले. काचेतून चाळीस पांढऱ्या डब्या दिसत होत्या. कशालाच काही होत नव्हतं. मागं स्क्रीनवर मात्र सतराचा आकडा चढायला लागला.

तो चढ ताईच्या ओळखीचा होता. तिनं तो हजारो वेळा बघितला होता. आधी भराभर, मग सावकाश, मग तेहतिसावर स्थिर. ऊन असं तापवत नाही, हीटर असं तापवत नाही. नवा नग जोडून झाला की सोल्डरिंगवाला तो तळहातावर घेतो, मूठ मिटतो आणि आकडा वर जातोय ना ते बघतो. मिटलेल्या मुठीतच तो तसा चढतो.

ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. प्रोफेसरही बिस्किटाचा पुडा न उघडता आपल्या जागेवर गेले.

३

बुधवारी सतरा नंबर तिनं थंडीच्या पेटीत टाकला. पेटी लोखंडी, दाराला हाताच्या पंजाएवढी काच, आत उणे दहा. दुपारपर्यंत डबीवर पांढरं दव गोठून बसलं. पेटीच्या दाराला कुलूप नव्हतं, तर तिनं चिकटपट्टी लावून त्यावर तारीख घातली. नंतर स्वतःच्याच या उद्योगाचं तिला हसू आलं.

चार-दहाला कारण तीन. उणे दहा, उणे चार, तीन, अकरा, वीस.

पेटीच्या कंप्रेसरनं जोर धरला. तो नेहमी दार उघडं राहिलं की असा घरघरतो. दार बंद होतं. आकडा तिशीला पोचला, तरी पेटीच्या स्वतःच्या काट्यावर उणे दहाच होते. म्हणजे पेटीत ऊब नव्हती. ऊब फक्त त्या डबीपुरती होती.

चार-एकवीसला आकडा घसरला. ताईनं मनात साठ मोजले, चिकटपट्टी सोडवली आणि दार उघडलं.

आतल्या जाळीवर दव होतं, कडांवर दव होतं. डबीच्या खालच्या निम्म्या भागावर चार ओल्या पट्ट्या होत्या आणि वर, मधोमध, अंगठ्याएवढा एक लंबगोल डाग अगदी कोरडा होता. तो तिच्या डोळ्यांदेखत परत पांढरा होत गेला.

प्रोफेसर मागं उभे होते. "ताई," ते हळूच म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. या खेपेला चाळिसात एक नग कमी पडत होता. मी दादाला बघायला गेलो होतो, तेव्हा वहिनींनी एक डबी परत दिली होती. ती मी लावली. सतरा नंबरला."

"वहिनीकडं कुठून आली?"

"ते मी विचारलं नाही."

४

दादाचं घर बसनं तीन थांबे लांब. ताई रोजच संध्याकाळी जायची. वहिनीला तासभर अंग टेकायला मिळायचं. आज वहिनी टेकली नाही. ती पलंगाच्या कडेवर बसून दादाच्या पायांवरची चादर नीट करत होती. चादर नीटच होती.

"शुक्रवारी डॉक्टरांना काय ते सांगायचंय," वहिनी म्हणाली. "त्यांच्या ओळखीचं केंद्र आहे. चोवीस तास नर्स असते. गावाबाहेर आहे, पण चांगलं आहे म्हणे."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटण्याचं राहिलंच नाही गं काही. पाठ राहिली नाही माझी. आणि खरं सांगू? याला कळणारही नाही कुठं नेलं ते."

दादाचा उजवा हात उशीवर होता, मूठ घट्ट आवळलेली. झटका आल्यापासून ती तशीच होती. रोज एकदा बोटं सोडवून तळवा पुसायचा, तेल लावायचं, नाहीतर नखं मांसात रुततात, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं.

"वहिनी, हे तू कधी करतेस?"

"मूठ? शाळेतून आल्यावर, दिवसाची बाई गेली की. माझी चारची सुट्टी, शाळा शेजारीच. आले, हातपाय धुतले की पहिलं तेच. दहा-बारा मिनिटं. रविवारीही तीच वेळ, चुकायला नको म्हणून."

पलीकडं स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. ताईनं तो उठून बंद केला आणि परत येऊन बसली.

"एक सांगू, हसणार नाहीस?" वहिनी म्हणाली. "एरवी हात ऊन असतो त्याचा. मूठ उघडली की गार पडतो. इतका गार, की माझी बोटं आखडतात. मिटली की पुन्हा ऊन. मला वाटलं, ओल्या फडक्यानं होत असेल. मग कोमट पाणी घ्यायला लागले, तरी तेच."

"प्रोफेसरांना तू डबी दिलीस, ती कुठली?"

"त्याच्या मुठीतली. दवाखान्यात दोन जणांनी मिळून सोडवली. कोसळला तेव्हा हातात होती ना. सोडत नव्हता."

५

सतरा नंबरचं सगळं ताईनं वहिनीला सांगितलं, आणि फोनवर बोलत मूठ उघडून बघायचंही तिनंच सुचवलं. चार-दहाला नको, भलत्याच वेळी करून बघू. वहिनीनं शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. गुरुवारी सकाळी सव्वाअकराला ताई स्क्रीनसमोर बसली. फोन टेबलावर, स्पीकर चालू. प्रोफेसर दाराशी उभे होते. आत यावं की नाही, ते त्यांचं ठरत नव्हतं.

सतरा नंबर कपाटात परत होता. चोवीस पूर्णांक एक. कारण दोन. झोपला.

"उघडू?" वहिनीचा आवाज आला.

"उघड. एकेक बोट सांग."

"अंगठा."

स्क्रीनवर नवी ओळ आली. कारण तीन.

"पहिलं बोट... दुसरं. हे फार घट्ट असतं. थांब, राजा, थांब, दुखवत नाही. सुटलं."

सव्वीस. सत्तावीस पूर्णांक पाच. ताईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, स्वतःवर शंका नको म्हणून.

"तिसरं. करंगळी. उघडली सगळी." मग थोडा वेळ नुसता श्वास. "नॅनो, गार पडला गं."

एकतीस.

"इकडं चढलाय. मीट आता," ताई म्हणाली.

"मिटते." आणि आकडा उतरायला लागला. तीस, एकोणतीस. वहिनी तिकडं बोटं मोजत नव्हती, तरी इकडं कळत होतं कुठलं बोट कधी मिटलं ते.

प्रोफेसर दारातून निघून गेले होते.

"म्हणजे तो तिकडं आहे," वहिनी म्हणाली.

"मला माहीत नाही, वहिनी."

"इकडं नाही, एवढं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नऊ आठवडे मी एका रिकाम्या घराला आंघोळ घालतेय. तोंडावर बोलले नाही कुणाच्या." ती रडत नव्हती, आवाजात उलट धार आली होती. "उद्या मी डॉक्टरांना नाही म्हणून सांगणार. आणि तू ती डबी घरी आण."

"यंत्र इथं आहे ना सगळं, नोंदी घ्यायचं."

ते खोटं होतं. यंत्र पिशवीत मावलं असतं. ताईला भीती वाटत होती, ती वेगळीच. डबी दादाच्या हाताशी नेली आणि काहीच झालं नाही, तर मग उरलं काय?

६

पण थांबायला वेळ नव्हता. सेल उतरत होता. रोज अकरा मिनिटं जागायचं, तेही सतत बोलत, हे त्या बटणाएवढ्या सेलच्या ताकदीबाहेरचं होतं. तीनवरून तो दोनवर आला होता. एक पूर्णांक आठच्या खाली चिप उठूच शकत नाही.

"आजच बदलायचा मग," ताई म्हणाली.

प्रोफेसरांनी चष्मा काढून हातात धरला. "बदलता येईल. पण तुला माहितीये काय होतं ते. झोपेत चिप फार थोडं धरून ठेवते. आपला नंबर, शेवटचा आकडा, आत्तापर्यंत किती वेळा उठलो. तेवढ्यासाठीच ती थेंब थेंब वीज पीत असते. सेल काढलास, एक क्षण जरी तुटलं, तर तेही जातं. मग ती पहिल्यापासून सुरू होते. कारण एक."

"तुटू द्यायचंच नाही."

"म्हणजे?"

"जुना सेल असतानाच शेजारी नवा जोडायचा. दोन तारा. मग जुना काढायचा."

"झोपलेल्या चिपवर? सोल्डरिंग कोण करणार?"

दोघांनीही समोरच्या खोलीकडं पाहिलं.

दादाच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नव्हतं. ताईनं आयुष्यभर मोजायचं काम केलेलं. जोडायला बसली की टाका तरी वितळायचा नाहीतर बोर्ड तरी करपायचा. दादा हसायचा. "इस्तरी करतेस का? टेकव आणि उचल," म्हणायचा. ती त्याच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिच्या मानानं उंच होती. तिनं दिवा ओढला, भिंग लावलं. सोल्डरिंग आयर्न तापला की त्याचा प्लग काढायचा, म्हणजे त्यातून चुकून वीज चिपमध्ये उतरत नाही. आणि गार व्हायच्या आत, वीस-पंचवीस सेकंदांत, टाका घालायचा. नग नुकताच बोलून झोपला होता. हातात पंधरा मिनिटं होती.

प्रोफेसर प्लगपाशी उकिडवे बसले. "काढू?"

"काढा."

भिंगाखाली टोक असं हलत होतं, जसं कुणी नाही नाही म्हणून मान हलवतंय. तिनं श्वास सोडला. टेकवला, उचलला. टाका बसला. लहान, गोल, चकचकीत.

"लावा पुन्हा. तापू दे."

दुसऱ्या टाक्याला हात हलला नाही. का हलला नाही, याचा विचार तिनं तेव्हा केला नाही. मनगटाला मागून ऊब लागल्यासारखी झाली. दिवा जवळ होता, त्याची असेल. टोक टेकलं, उठलं. तिनं चिमट्यानं जुना सेल सरकवून बाहेर काढला आणि तिघंही, म्हणजे ती, प्रोफेसर आणि तो नग, वाट बघत राहिले.

पंधरा मिनिटं पुरी झाल्यावर ओळ आली. सेलचा जोर तीन. कारण दोन. काही तुटलं नव्हतं.

प्रोफेसर तिथंच फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. ताईनं वरच्या ओळी पाहिल्या. मध्ये एक नोंद होती, दुसऱ्या टाक्याच्या वेळची. कारण तीन. तिचं स्वतःचं बोट लागलं असणार. दुसरं कुणाचं लागणार?

७

शुक्रवारी सकाळी सातला वहिनीचा फोन आला.

"पाणी मागितलं," ती म्हणाली. "नॅनो, त्यानं माझ्याकडं बघून पाणी मागितलं."

ताई बसची वाट न बघता चालत, मग पळत गेली. दादा उशांना टेकून बसला होता. उजव्या हाताची मूठ सुटली होती आणि त्या हातात स्टीलचा पेला होता. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं होतं. त्यानं ताईकडं पाहिलं. डोळे निवळ, कुतूहलानं भरलेले, आणि त्यात तिची ओळख कुठंच नव्हती.

"बसा ना," तो म्हणाला. "तुम्ही उभ्या का?"

दादा तिला 'तुम्ही' म्हणाला.

वहिनी मागं हसत होती आणि रडत होती. "मलाही आपण कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, सांगते सावकाश. पळून थोडीच चालले!"

ताईनं दुपारी प्रोफेसरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पहिला आकडा धरायचा नसतो, ताई. चिप उठते तेव्हा आधी तिच्या घड्याळाचा ठोका डगमगत असतो. म्हणून जागी झाल्या झाल्या ती जे बोलते, ते मी प्रोग्रॅममध्येच गाळून टाकतो. दुसरा आकडा येऊ दे."

दुसराही तसाच आला. आठवडा गेला, महिना गेला. डॉक्टर म्हणाले, आठवण परत येईल किंवा येणार नाही. जे आलंय त्यात आनंद माना. आणि आनंद होताच. तो चमचा धरायला शिकला, मग जिना उतरायला. वहिनी काय सांगेल ते तो मन लावून ऐकायचा: आपलं लग्न कसं झालं, आपल्याला काय आवडतं. आवडतं म्हटलेलं तो खाऊन बघायचा आणि खरंच आवडलं की त्याला केवढं आश्चर्य वाटायचं. स्वभाव गोड होता. जुन्या दादाला पटकन राग यायचा. याला यायचा नाही. "मला तू म्हण रे," ताई म्हणायची. तो लाजून म्हणायचा, "जीभ वळत नाही, नॅनोताई. तुम्ही इतकं करता माझं."

त्या पहिल्या शुक्रवारीच संध्याकाळी ताईनं कंपनीत परत येऊन नोंदी बघितल्या होत्या. घरी त्याची मूठ सुटली होती, उघडायला काही राहिलंच नव्हतं. सतरा नंबर तरीही चार-दहाला उठला होता. कारण तीन. तेहतीस अंश. अकरा मिनिटं.

"थांबलं ना गं ते?" वहिनीनं फोनवर विचारलं.

"थांबलं," ताई म्हणाली.

त्यानंतर तिला नीट झोप अशी लागली नाही. गुरुवारी आपण तार तुटू दिली नाही, म्हणून तो तिथंच राहिला का? सेल संपू दिला असता तर तो घरी आला असता, की कुठंच नसता? दोन्ही बाजूंनी विचार करून ती थकायची. पण दर पंधरवड्याला सेल उतरला की ती दादाच्या खुर्चीत बसायची आणि नवा जोडायची. आता तिचे टाके छान पडायचे.

८

सात महिन्यांनी वहिनीच्या शाळेत परीक्षा आल्या, म्हणून एक दिवस दुपारी दादाला ताईनं आपल्यासोबत कंपनीत आणलं. तो सगळ्यांना नमस्कार करत फिरला. स्वतःच्या जुन्या टेबलासमोर थांबला, दिव्याची मान वरखाली करून बघितली आणि पुढं गेला. प्रोफेसरांशी बिस्किटांवरून त्याची चांगली गट्टी जमली. मग तो ताईशेजारी स्टूल घेऊन बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाहुण्यासारखा.

बोलण्याच्या नादात ताईचं घड्याळाकडं लक्ष गेलं नाही. स्क्रीनवर सतराची ओळ हलली, तेव्हा चार वाजून दहा झाले होते.

"हा एकटाच का चढतोय?" दादानं विचारलं.

तिला स्क्रीन बंद करता आली असती. तिनं केली नाही. सात महिने हे एकटीनं वाहून ती दमली होती. "कुणी हातात धरला की चढतो," ती म्हणाली.

दादानं कपाटाकडं पाहिलं. काच बंद होती, डब्या ओळीनं होत्या. मग त्यानं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. तो घाबरला नव्हता. एखादं अवघड गणित सांगितलं की तो जसा शांत व्हायचा, तसा शांत झाला होता.

"कुणाचा हात आहे?"

"माझ्या दादाचा," ताई म्हणाली, आणि तोंडातून गेल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं.

त्याला वाईट वाटलं असेल, म्हणून ती घाईनं त्याच्याकडं वळली. तो आकड्याकडं बघत होता. तेहतीस.

"रोज येतो?"

"रोज."

"आणि इथंच असतो? रात्रीसुद्धा, सगळे गेल्यावर?"

ताईनं होकाराची मान हलवली.

बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली, प्रोफेसर खोकले. मग तो म्हणाला, "घरी न्यायचं का त्याला?"

ताईला एकदम कळलं की आपण इतके दिवस याच वाक्याला भीत होतो. काहीच झालं नाही तर, ही पूर्वीची भीती होती. आता समोर हा होता. नव्यानं जिना शिकलेला, चहात साखर किती हे दर वेळी विचारून घेणारा, वहिनीला संध्याकाळी पेपर वाचून दाखवणारा. तो परत आला, तर हा कुठं जाईल?

"तुला भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"वाटते," तो म्हणाला. "पण मी त्याचं अंथरूण वापरतोय, कपडे घालतोय. वहिनी मला त्याच्या गोष्टी सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा मी बघतो. द्या माझ्याकडं."

"दादा..."

"द्या, नॅनोताई."

तिनं उठून कपाटाची किल्ली फिरवली. डबी उबदार होती, आणि ती उचलताना तिला अगदी स्पष्ट जाणवलं की तिच्या बोटांआधीच तिथं कुणीतरी आहे. जागा करून दिल्यासारखं काहीतरी बाजूला झालं. लोंबत्या दोन तारांसकट तिनं ती डबी दादाच्या उजव्या तळहातावर ठेवली.

त्यानं मूठ मिटली नाही. मूठ मिटत गेली. करंगळी, मग तिसरं बोट, मग ते घट्ट असायचं ते दुसरं, मग पहिलं. शेवटी अंगठा वरून आला आणि बसला. त्या हाताकडं तो असा बघत होता, जसं दुसऱ्याच कुणाचं काम बघावं.

ताईनं स्क्रीनकडं पाहिलं नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. डोळे मिटले होते. पापण्यांखाली काहीतरी इकडून तिकडं गेलं. एकदा श्वास आत गेला आणि बाहेर यायला इतका वेळ लागला, की तिनं त्याचा खांदा धरला.

मग त्यानं डोळे उघडले, स्टूल मागं सारलं आणि मूठ छातीशी धरून उठला. बाहेर उजेड अजून भरपूर होता. दारापर्यंत जाऊन तो वळला.

"चल," असं म्हणाला, की "चला," ते तिला कळलं नाही. शेवटचा स्वर होता की नुसता श्वास, ते ऐकू येण्याआधीच तो बाहेर पडला होता.

पुन्हा म्हणायला लावण्याचा धीर तिला झाला नाही. तिनं पिशवी घेतली, दिवा मालवला आणि त्याच्या मागोमाग निघाली.